वॉर्ड क्रमांक चारचा वारा

उदगीरच्या त्या धर्मादाय रुग्णालयात क्षयरोग्यांच्या वॉर्डाला पाच खिडक्या होत्या, आणि पाचही बाहेरून प्लायवूड ठोकून बंद केलेल्या. खाली अंगण होते. इतर रुग्णांचे नातेवाईक तिथे शिदोरी सोडून बसत. ‘टीबीचा वारा आमच्या भाकरीवर येतो’, अशी तक्रार त्यांनी तीन वर्षांपूर्वी केली, आणि विश्वस्तांनी दुसऱ्याच दिवशी सुतार पाठवला. तो वारा मोकळ्या हवेत विरून जातो, कोंडला की मारतो, हे रुग्णालयात सर्वांना ठाऊक होते. पण अंगणात माणसे निर्धास्त जेवू लागली; आत राबणाऱ्या परिचारिकांची कुणाला आठवण झाली नाही.

करारावरची परिचारिका पंचशीला दोन वर्षे त्याच वॉर्डात होती. त्या सोमवारी ती बेडक्याचे नमुने घेत होती.

“गुरम्मा, खोकताना तोंडावर पदर धरा.”

“तूच आधी धर की गं बाई! सकाळपासनं माझ्याहून जास्त तूच खोकून राहिलीस.”

शेजारच्या खाटा हसल्या. पंचशीलाही हसली. चांगले जाड मास्क मोठ्या सिस्टर महानंदा यांच्या कपाटात, कुलपात होते. तपासणीचे पथक आले की ते बाहेर निघत. एरवी, “तोंड झाकलं की पेशंटला वाटतं, आपली किळस करून राहिलेत,” असे त्या समजावत.

दुपारी पंचशीलेने नमुन्याच्या एका डबीवर स्वतःचे नाव लिहिले. दुसऱ्या दिवशी आलेला पॉझिटिव्ह अहवाल तिने स्वतःच नोंदवहीत उतरवला, खाली रेघ ओढली आणि पुढचे नाव लिहायला घेतले.

घरी नवरा नरसिंग याने शेजाऱ्यांना निमोनिया सांगितला. पाच वर्षांच्या मुलाला, आदर्शला, तपासून प्रतिबंधक गोळ्या सुरू झाल्या. सासू साखराबाईंच्या तपासणीत काही निघाले नाही. तरी त्यांनी सुनेची कपबशी न्हाणीजवळच्या फळीवर वेगळी ठेवली. भांड्यांनी हा आजार पसरत नाही, हे सुनेने एकदा सांगून पाहिले. साखराबाईंच्या बापाची कपबशी गावच्या हॉटेलाबाहेर अशीच वेगळी असे. लहानपणी ती त्यांनाच विसळून ठेवावी लागे. हातांना ते आठवले असावे. हात थांबले नाहीत.

घरी औषधाचा महिना उलटल्यावर महानंदांनी तिला रुग्णालयात बोलावून एक टाईप केलेला कागद पुढे सरकवला. ‘माझ्या सासूबाईंना जुना खोकला असून मला संसर्ग घरातूनच झाला आहे.’

“सही कर. पगारी रजा मिळेल, करार पुढं चालू राहील.”

“मॅडम, त्यांना टीबी न्हाई. तपासणी झाली की.”

“मला काय सांगतीस? म्या लिहिलंय का ते? वरून आलंय.”

“आन् न्हाई केली तर?”

महानंदा पेनाचे टोपण लावत, काढत राहिल्या. “मार्चात करार संपतोय ना तुझा?”

“वॉर्डात कोण हाय आता?”

“उद्या दुपारपासून लुंबिनी.”

लुंबिनी बावीस वर्षांची. नर्सिंग संपवून दोन महिन्यांपूर्वी रुजू झालेली.

संध्याकाळी साखराबाईंनी नातवाकडून तो कागद वाचून घेतला असता, पण त्याला अजून जोडाक्षरे येत नव्हती. शेवटी सुनेनेच वाचला.

“कर की सही,” साखराबाई म्हणाल्या. “म्या म्हातारी. मला कोण पुसून राहिलंय? तुझी नोकरी ऱ्हाईल.”

“आत्या, लुंबिनीला झाल्यावर कुणाच्या सासूचं नाव लिवतील? तिचं तर लगीनबी झालं न्हाई.”

साखराबाई उठल्या. “लातूरची गाडी किती वाजता हाय?”

दुसऱ्या दिवशी दोघी लातूरला, जिल्ह्याच्या क्षयरोग कार्यालयात गेल्या. पंचशीलेच्या तोंडावर तिने विकत घेतलेला मास्क होता. अर्जात तिने चारच वाक्ये लिहिली होती: घरात माझ्याशिवाय कुणाला क्षय नाही. मी दोन वर्षे बंद खिडक्यांच्या वॉर्डात काम केले. खिडक्या उघडाव्यात, मास्क वाटावेत. तिथे काम केलेल्या सर्वांना तपासावे.

लिपिकाने वाचून वर पाहिले. “बाई, नोकरी जाईल.”

“हाव.”

“आन् हा खालचा अंगठा कुणाचा?”

“माझा,” साखराबाई म्हणाल्या. “माझ्या अंगावर ढकलून राहिले हुते.”

शिक्का बसला. पोच हातात आली. “चौकशी लावतो,” लिपिक म्हणाला, “पण आठ-पंधरा दिवस जातील.”

बाहेर ऊन होते. आपण धाडस केले, असे पंचशीलेला वाटले नाही. काहीच वाटले नाही. साखराबाईंनी पाण्याची बाटली आधी तिला दिली. ती प्याल्यावर, बाटलीचे तोंड न पुसता, तिच्यातूनच आपण प्याल्या.

दुपारचे दोन वाजले होते. त्याच वेळी उदगीरला लुंबिनीने वॉर्डाचे दार लोटले, आणि पहिल्या खाटेपाशी उभी राहून ती जमेल तितका कमी श्वास घेऊ लागली.