मला ओली मिटू नका

मी एक जुनी, छोटीशी घरगाडी आहे, मित्रांनो, आणि माझं डोकं भयंकर तापलेलं आहे. गोड गोड गोष्ट हवी असेल तर दुसरीकडे जा. मला आज भांडायचंय.

आधी मी कशी आहे ते सांगते. पुढे इंजिन, मागे सगळा संसार. दोन बाकं, त्यांचाच रात्री पलंग होतो. एक शेगडी, तळहाताएवढं बेसिन, चार कपाटं. आणि माझं छत! खटके सोडून वर ढकललं की ते उचललं जातं, चारी बाजूंनी कॅनव्हासच्या भिंती ताणून उभ्या राहतात आणि उंच माणूससुद्धा आत ताठ उभा राहू शकतो. छत खाली घेतलं की मी पुन्हा बुटकी. वेल्सच्या डोंगरातल्या अरुंद रस्त्यांना अशीच गाडी लागते.

माझी पहिली मालकीण मिस बेडो. ती बाला गावात नर्स होती. सुट्टी मिळाली की आम्ही दोघी निघायचो, कधी तळ्याकाठी, कधी समुद्रावर. पाऊस तर इकडे पाचवीलाच पुजलेला. पण मिस बेडोचा एक नियम होता, गाडी ओली मिटायची नाही. निघताना नाइलाजानं छत ओलं मिटावं लागलं तर घरी आल्या आल्या ती ते पुन्हा उघडायची, फडक्यानं कॅनव्हास पुसायची, आणि वाळेपर्यंत स्वतः चहासुद्धा घ्यायची नाही. शेजारी हसायचे.

"काय बाई, गाडीला न्हाऊमाखू घालताय का?"

"तुम्ही ओल्या अंगानं अंथरुणात शिरता का?" ती फटकन विचारायची.

मग ती म्हातारी झाली, वृद्धाश्रमात गेली, आणि मला तिनं भाच्याला दिलं. हा भाचा म्हणजे डेरेक पिम. नाव घेतलं तरी माझी तार सटकते. हा मला घेऊन एका गाण्याच्या जत्रेला गेला. तिथे धो धो पाऊस. निघताना यानं पाणी निथळत असलेलं छत धाडकन खाली ओढलं, खटके लावले, घरी आणून मला पत्र्याच्या गळक्या शेडमध्ये ढकललं आणि विसरून गेला. वर्षं गेली हो, वर्षं! एकदा येऊन खटका उघडायला काय जात होतं त्याचं? कॅनव्हास आतल्या आत काळा पडला. पाणी भिंतीत उतरलं आणि फळ्या दुधात बुडवलेल्या पावासारख्या झाल्या. मिस बेडो विचारायची, "गाडी कशी आहे रे?" हा सांगायचा, "झकास आहे, मावशी."

ती गेली आणि महिन्याभरात यानं मला विकायला काढलं. आणि मग जे काही केलं ना त्यानं! सडलेल्या भिंतींवर पांढराशुभ्र रंग फासला. मऊ पडलेल्या तळावर नवा गालिचा चिकटवला. वास लपवायला कोपऱ्यात लव्हेंडरच्या पिशव्या टांगल्या. वर एक कागद दाखवायला तयार, वार्षिक तपासणीत गाडी पास म्हणून. अरे, ती तपासणी ब्रेकची आणि दिव्यांची! भिंतीत बोट घालून कोण बघतो तिथे?

शनिवारी गिऱ्हाईक आलं. नेस्ता आणि तिचा नवरा ग्विलिम, दोघंही सत्तरीतली. ग्विलिमचं आयुष्य पाटीच्या दगडाच्या खाणीत गेलेलं, ती धूळ त्याच्या छातीत जाऊन बसलेली. जिने चढवत नाहीत, म्हणून हॉटेलं बंद. आणि जीव तर अडकलेला आबेरदारोनच्या समुद्रात, जिथे तो लहानाचा मोठा झाला. डॉक्टर म्हणाले होते, "खुशाल जा, समुद्राची हवा चांगली. फक्त ओल आणि बुरशी यांच्या वाऱ्याला उभं राहू नका." म्हणून हा उन्हाळा छोट्या घरगाडीत, किनाऱ्यावर काढायचा असं ठरलं होतं. हे सगळं नेस्तानं आल्या आल्या डेरेकला सांगितलं. आणि त्याच्या हातात घरी भाजलेला बारा ब्रिथ, म्हणजे मनुका घातलेला पाव ठेवला. गाडी बघायला आलेली बाई विकणाऱ्यालाच खाऊ घेऊन येते! नेस्ता अशीच. खांबाला धडकली तर खांबाची माफी मागेल.

ग्विलिमनं माझ्या टायरला बुटानं टोकरलं. इंजिन चालू केलं. "वा, एका झटक्यात लागलं की!"

लागणारच! सकाळपासून तापवून ठेवलं होतं त्या लबाडानं! बॉनेटवर हात ठेवून बघायचा ना आधी!

"छत जरा उघडून... म्हणजे तुम्हाला त्रास होणार नसेल तर," नेस्ता म्हणाली.

"वारा फार आहे हो मॅडम. आधी चहा घ्या."

वारा? झाडाचं पान हलत नव्हतं. मी आतल्या आत ओरडत होते, "बाई, हट्ट धर! उघड म्हण त्याला!" पण तिनं चहाचा कप घेतला आणि तिथंच सगळं मुसळ केरात. या लोकांचं असंच आहे. एकदा चहा प्याला की त्या माणसावर शंका घेणं म्हणजे असभ्यपणा. कपाट उघडायचं नाही, गादी उचलायची नाही, फक्त "छान आहे हो" म्हणत राहायचं.

खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही मोह झाला. पुन्हा रस्ता, पुन्हा समुद्र. गप्प राहिले तर हे दोघं मला घेऊन जाणार होते. तेवढ्यात ग्विलिम आत येऊन बाकावर बसला. दार लावून घेतलं, राहायला कसं वाटेल ते बघायला. आणि त्याला खोकला सुरू झाला. साधा नाही, मुळापासून उपटणारा. माझी बुरशी त्याच्या छातीत जात होती. एका बसण्यात ही गत, तर सबंध उन्हाळ्यात काय झालं असतं? मला माझीच शिसारी आली, आणि मग डेरेकचा असा राग आला की काय सांगू.

नेस्ता धावत आत आली. एक हात त्याच्या पाठीवर, दुसरा आधाराला माझ्या भिंतीवर. आणि तिचा अंगठा भिंतीत रुतला. सरळ आत गेला.

तिनं अंगठ्याकडे बघितलं. मग दारात आलेल्या डेरेककडे.

"माफ करा हं," ती म्हणाली, आणि नखानं रंगाचं भलंमोठं सालपट काढलं. "माफ करा," म्हणत गालिचा उपटला. "मी खरंच दिलगीर आहे," म्हणत चारही खटके सोडले आणि खांद्यानं छत वर रेटलं.

मी होतं नव्हतं ते बळ लावून उघडले! कॅनव्हासच्या घड्यांत साठलेलं काळं पाणी खाली सांडलं, ते थेट डेरेकच्या इस्त्रीच्या शर्टावर. वास असा सुटला की लव्हेंडर गेलं कुठच्या कुठे.

"जुनी गाडी आहे मॅडम, थोडंफार चालायचंच..."

"चालायचंच?" नेस्ताचा आवाज चिरकला. "या माणसाची छाती तुला ऐकू येत नव्हती? सगळं सांगितलं मी तुला! आणि यात झोपवणार होतास त्याला? मेल्या, तुझ्यासाठी पहाटे उठून बारा ब्रिथ भाजला रे मी!"

ती तरातरा गेली आणि उरलेला पाव ताटलीसकट उचलून घेऊन आली. ताटली डेरेकची होती.

ग्विलिम एव्हाना बाहेर बांधावर बसून धापा टाकत होता. "नेस्ता," तो म्हणाला, "माफी मागायची राहिली."

"नाही मागत, जा!"

"बरं झालं. पुढची गाडी बघताना आधी छत, मग चहा."

जाता जाता ती माझ्यापाशी थांबली. "हिचं बिचारीचं काय चुकलं?" म्हणाली, आणि डेरेकला दरडावलं, "ते छत खाली घेऊ नकोस. वाळू दे तिला."

संध्याकाळी तो आलाच मला मिटायला. लोंबकळला, लाथा घातल्या, शिव्या दिल्या. माझ्या गंजक्या बिजागऱ्या घट्ट अडकल्या होत्या आणि मी त्या तशाच धरून ठेवल्या. नाही मिटले! आता माझा काळा कॅनव्हास फाटकातूनच दिसतो. गिऱ्हाइकं येतात, बघतात, परत जातात. मला तेच हवंय.

मित्रांनो, तंबू असो, छत्री असो, नाहीतर तुमचे बूट, वापरून झाल्यावर ओले कोंबून अंधारात टाकू नका. आणि जुनी वस्तू घ्यायला जाल तेव्हा लाजू बिजू नका. उघडा, दाबा, वास घ्या. चहा पळून जात नाही.

सोमवारी भंगारवाला येणार आहे म्हणे. येऊ दे. कालपासून इथे चक्क ऊन पडलंय आणि माझा कॅनव्हास कडेकडेनं सुकायला लागलाय. गेले तर मी कोरडी जाईन.