सालाखालची खूण

पालेगावातल्या नव्या टॉवरच्या पार्किंगमध्ये गुरुवारी पाय ठेवायला जागा नसे. पुढे स्वयंभूबाबा, त्यांच्यापुढे परात आणि परातीत रुपयाची नाणी. त्यातलं एक उचलून बाबा माइकवर ओरडत, "सरकारी नाण्यावर छापलेल्या सालाखाली टांकसाळीची खूण असते! शंकरपाळा, नाहीतर तारा, नाहीतर ठिपका! ह्यावर आहे काही? नाही! अरे, माणसाच्या हाताने घडलंच नाही हे!" लोक डोळे मिटून हात जोडत. स्वतःच्या खिशात काय खुळखुळतंय, ते पाहायची बुद्धी कुणालाच होत नसे.

असं नाणं रात्री तांब्यात बुडवायचं, सकाळी ते पाणी प्यायचं, की रोग पळाला! अट एकच, औषध बंद. एवढा तेजस्वी रुपया, पण एका गोळीशेजारी नांदायला घाबरायचा!

त्यातलं एक नाणं अंबरनाथला विष्णुपंतांच्या घरी आलं, त्यांच्या बायकोच्या, कुंदाताईंच्या पदरातून. विष्णुपंतांची सारी नोकरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या टूल रूममध्ये गेली. डाय, म्हणजे ठसा उठवणारा साचा, झिजली की ठसा पुसट उठतो, हे त्यांनी कित्येक नव्या पोरांना शिकवलेलं. पण त्या दिवशी त्यांनी कपाटातलं भिंग काढलंच नाही. रोज इन्सुलिनची सुई टोचून घेऊन वैतागलेली बायको किती दिवसांनी हसत होती.

"अहो, सुई बंद करू ना?" तिने विचारलं.

"तुला बरं वाटत असेल तर कर," ते म्हणाले.

आठवड्याभरात कुंदाताई गेल्या. साखर इतकी चढली की त्या शुद्धीवर आल्याच नाहीत.

तेरावं झाल्यावर विष्णुपंतांनी नाणं भिंगाखाली धरलं. सालाखाली शंकरपाळ्याचा एक कोपरा होता. पुसट, पण होता. ते लहान मुलासारखे हमसून रडले.

पुढच्या गुरुवारी ते भर गर्दीत उभे राहिले. "आपापल्या खिशातली नाणी काढा आणि सालाखाली बघा."

"ए काका, खाली बसा ना!" कुणीतरी खेकसलं. पण हात खिशात गेलेच.

"माझ्याकडे पण आहे बिनखुणेचं!"

"अरे, हे तर आत्ता रिक्षावाल्याने दिलं!"

बाबांनी घाईघाईने कलियुगाची निंदा सुरू केली. ऐकतंय कोण?

"कोलकात्याची टांकसाळ खूण घालतच नाही," विष्णुपंत म्हणाले. "बाकीच्यांची डाय झिजली की खूण पुसट उठते, कधी उठतही नाही. ह्यात देव नाही, नुसती झीज आहे. माझ्या कुंदाच्या नाण्यावर खूण होती हो. मीच पाहिली नाही. तुम्ही तरी पाहा. कुणी चमत्कार म्हणालं की आधी तपासा, विचारा, आणि औषध सोडू नका."

बारवी धरणाकडून आलेली चंद्री लेकाला कडेवर घेऊन पुढे आली. "दादा, पोराची झटक्यांची गोली मीपन बंद केलीय. परत चालू करू ना?"

विष्णुपंतांनी पोराच्या डोक्यावर हात ठेवला.

"हो, पोरी. आत्ताच. चल, डॉक्टरांकडे मीही येतो."

रिक्षात पोर त्यांच्या मांडीवर झोपलं. ते रस्ताभर रडत होते. कुंदाने विचारलं, तेव्हा तिलाही एवढंच सांगायला हवं होतं.