दोन पांढऱ्या आणि एक सोनेरी

मी एक जुनी, सात खणांची, गोळ्यांची डबी आहे. रंग निळा, पण आता उडालेला. झाकणांवरची वारांची अक्षरंही पुसत आली आहेत. ‘गु’चा नुसता उकार उरलाय. तरी मित्रांनो, मला बिचारी म्हणू नका. कीव मला चालत नाही. अकरा वर्षं मी एका माणसाचे सातही वार सांभाळले आहेत, आणि एक गोष्ट ठणकावून सांगायची म्हणूनच आज बोलते आहे.

माझा जन्म साच्यात झाला. गरम प्लास्टिक ओतलं, गार केलं, टक्कन बाहेर पाडलं. औषधाच्या दुकानातून मला एका फ्रेमवालीने घरी नेलं. खाली तिचं फोटो मढवायचं दुकान, वर दोन खोल्या. तिला बायपोलर नावाचा आजार आहे. म्हणजे कधी मन इतकं उधळतं की झोप नको, जेवण नको, बोलणं थांबत नाही. आणि कधी इतकं बसतं की दुकानाचं शटर उचलायलाही हात उठत नाही. रोज दोन पांढऱ्या गोळ्या, लिथियमच्या. त्या घेतल्या की ती आपली असायची तशी असायची: काटेकोर, जरा खवट, आणि काच अशी कापणारी की कड बोटाला लागू नये.

मला भरायचं काम तिच्या मावशीकडे होतं. आईच्या मागे हिनेच तिला वाढवलेलं. दर रविवारी सकाळी मावशी मला मांडीवर घ्यायची आणि एकेका खणाला एकेक ओवी गायची. ओव्या तिच्याच, तिथल्या तिथे जुळवलेल्या.

सोमवारच्या गं घरात, दोघी पांढऱ्या बहिणी
माझ्या लेकीच्या डोळ्याला, झोप येऊ दे शहाणी

अशा सात ओव्या झाल्या की सात झाकणं लागायची. टक, टक, टक. खरं सांगते, माझ्याइतकी कौतुकात भरलेली डबी दुसरी नसेल.

मग एका वर्षी फ्रेमवालीचं मन बसलं ते उठेना. तीन महिने शटर अर्धंच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “गोळ्या त्याच राहतील. सोबत माशाच्या तेलाची कॅप्सूल देऊन बघू. मन उतरलेलं असताना काहींना थोडा फायदा होतो, पण अजून खात्रीने कुणी सांगत नाही. चमत्काराची वाट बघू नका.”

रविवारी मावशीने कॅप्सूल आणली. चांगली बोराएवढी, सोनेरी, आरपार दिसणारी. तिने ती माझ्या सोमवारात घातली, वर दोन पांढऱ्या ठेवल्या, झाकण दाबलं. लागेना. फिरवून बघितलं, आडवी करून बघितली. लागेना. मावशीने दोन पांढऱ्या चिमटीत धरल्या. याच गोळ्यांनी पोरीचा हात काच कापताना थरथरतो, हे तिच्या मनात सलत होतंच.

“एवढी सोन्यासारखी असताना ही खडूची भुकटी कशाला?” ती पुटपुटली, आणि गायली:

सोन्याची गं मासोळी, आली सोमवारच्या घरा
पांढऱ्या बहिणींनो, तुम्ही माहेरी जावा जरा

सातही खणांत नुसती सोनेरीच गेली, आणि पुढच्या रविवारांनाही तसंच. मित्रांनो, मला सात तोंडं आहेत, पण जीभ एकही नाही. त्या दिवशी मी माझ्या परीने भांडले. मंगळवारचं झाकण दोनदा उघडून दिलं. मावशीने त्याला चापट मारली आणि लावलं.

फ्रेमवाली खाली मान घालून बसलेली असायची, मावशी देईल ते पाण्याबरोबर गिळायची. तिने पाहिलंही नाही. काही आठवड्यांनी तिचा हात थरथरायचा थांबला. मग ती हसली. मग गाऊ लागली. मावशी जिन्यात शेजारणीला म्हणाली, “बघ, मासोळीचा गुण!”

तो गुण नव्हता. तो उधाणाचा पहिला फेस होता.

फ्रेमवालीने चार दिवसांत तेवीस फ्रेमा बनवल्या, सगळ्या रिकाम्या, आणि जिन्यात ठोकल्या. एका गिऱ्हाइकाला म्हणाली, “काका, फोटो राहू द्या, तुमची छत्री मढवते!” तो हसला. पण दुसऱ्या दिवशी एका बाईंनी त्यांच्या वारलेल्या आईचा एकुलता एक फोटो आणला, आणि हिने तो त्यांच्यासमोर चार तुकड्यांत कापला. “चार फ्रेमा छान दिसतील,” म्हणाली. त्या बाई तुकडे ओंजळीत घेऊन तिथेच जमिनीवर बसल्या.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला उघडलं. सोमवार, मंगळवार, बुधवार.

“पांढऱ्या कुठे आहेत?”

“मावल्या नाहीत हो,” मावशी म्हणाली.

“मावल्या नाहीत?”

“ही मेली डबीच लहान!”

लहान? मी? माझ्यात इतकी वर्षं जे मावत होतं ते बाहेर काढलंत, आणि दोष माझा?

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. सावकाश म्हणाल्या, “मावशी, कॅप्सूल सोबतीला दिली होती, जागेवर बसायला नाही. हात थरथरतो तर मला सांगायचं. रक्त तपासून मात्रा बघता येते. आणि बाजारातलं दुसरं काही देण्याआधी विचारा. काही गोष्टी मनाला उगाच वर ढकलतात.” मावशीने पदर तोंडाला लावला.

फ्रेमवाली सावरायला दोन महिने गेले. त्या बाईंचा फोटो तिने चिकटवून दिला, पण सांधा दिसतो तो दिसतोच. घरी तिचा मामा, मावशीचा भाऊ, आला आणि त्याने फर्मान काढलं, “यापुढे डबी माझ्या कपाटात, कुलपात. या पोरीच्या हाती काही द्यायचं नाही.”

तेव्हा फ्रेमवाली उठली. आवाज चढवला नाही. मामाच्या हातातून मला घेतलं.

“मी काय गिळते ते मी बघितलं नाही, ही माझी चूक. आता बघणार. डबी माझी, भरणार मी. मावशी, तू समोर बस आणि मोज.”

“आणि माझी ओवी गं?”

“ती म्हण ना. पण मी टाकीन तसं म्हण.”

कॅप्सूलला एक वेगळी वाटी मिळाली. पांढऱ्या माझ्या खणांत परत आल्या. झाकणं तिने स्वतः लावली, सातही.

तर मित्रांनो, काळजी घ्या, पण काळजीच्या नावाखाली कुणाची औषधं परस्पर बदलू नका. सोबतीला नवं जरूर आणा. मी कुणाच्या वाटेत नाही. मात्र कुणाला बाहेर काढायचं ते झाकण लागतं की नाही यावरून ठरत नसतं. ते डॉक्टरांना विचारा, आणि ज्याला गिळायचं आहे त्याला विचारा. आणि मला लहान म्हणू नका. मी मापाची आहे.