जास्तीची गिरकी

मी मॅट बोलतेय. निळी, स्पंजाची, पट्ट्या जोडून केलेली. कारखान्यातून निघाले ती थेट चिअरलीडिंगच्या, म्हणजे एकमेकींना हवेत फेकून झेलण्याच्या कसरतीच्या, हॉलमध्ये येऊन पडले. वाटलं होतं, माझ्यावर कोणी निवांत झोपेल. इथे तर सगळे आदळायलाच यायचे!

संघात दोघी सख्ख्या बहिणी होत्या. थोरली खाली उभी राहून झेलायची, धाकटी हवेत उडायची. धाकटीला सगळे 'पिसू' म्हणत. थोरलीचं हे शेवटचं वर्ष. पुढे ती वयात बसत नव्हती. सहा वर्षं झेलून झेलून मनगटं सुजली, पण कपाला कधी हात लागला नव्हता.

आमचा संघ तिसऱ्या पातळीचा. तिथे खाली येताना हवेत एकच गिरकी चालते. दोन घेतल्या तर ती वरच्या पातळीची करामत. ती कितीही सुरेख जमो, तिचे गुण शून्य, वर दंडाचे गुण कापतात ते वेगळेच.

प्रशिक्षक मॅडमना मात्र पुढच्या वर्षाची घाई. "पिसू, दोन घे. वर जायचंय ना आपल्याला?" चार महिने पिसू रोज दोन घ्यायची. आधी तोंडावर पडली, मग कोपरावर, मग पडेनाशीच झाली. स्पर्धेच्या आठवड्यात मॅडम म्हणाल्या, "आता एकच हं." बस, एवढंच.

स्पर्धा आमच्याच हॉलमध्ये, माझ्याच अंगावर झाली. शेवटी पिसू उडाली. एक गिरकी... आणि दुसरी. थोरलीच्या हातांत अलगद उतरली. टाळ्यांनी हॉल दणाणला. थोरली पांढरीफटक पडली.

"फार देखणी होती हो," पंच मॅडमना म्हणाले, "पण तुमच्या पातळीची नाही."

कप अर्ध्या गुणाने गेला.

"फिटली हौस?" थोरलीने विचारलं.

"ताई, आईशप्पथ, एकच घेणार होते. अंगच फिरलं गं!"

"अंग फिरलं म्हणे! मिरवायचं होतं तुला."

पिसूने मॅडमकडे पाहिलं. मॅडम खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडत राहिल्या.

मला सगळं ठाऊक होतं. ते चार महिने माझ्याच अंगावर गेले होते. पण मला जीभ कुठली?

थोरली नोकरीसाठी परगावी गेली, बहिणीशी एक शब्द न बोलता. पिसू त्यानंतर दोनदा आली. वर फेकलं की अंग आखडून घ्यायची, एकही गिरकी न घेता धोंड्यासारखी खाली यायची. तिसऱ्यांदा आलीच नाही. वर्षभरात संघ फुटला.

आता मी गुंडाळलेली, जिन्याखाली उभी आहे. शिवण उसवलीय, ओल पोटापर्यंत गेलीय. उद्या भंगारवाला येणार. त्याचं दुःख नाही. मार खाणं हाच माझा धंदा. पण पिसू खरं बोलत होती, हे सांगणारं मागे कोणी उरणार नाही.

थोरली कधी भेटली, तर तेवढं सांगाल? सांगा. ती ऐकून घेईल, असं मात्र मला वाटत नाही.