बाबांसाठी खोटं क्रीम

बाबा वारले त्या वर्षीच्या दिवाळीनंतर ते रोज दुपारच्या चहाला घरी येऊ लागले. दार वाजवायचे नाहीत. आई चहाचं आधण ठेवून बाहेर यायची तेव्हा ते आपल्या खुर्चीत असायचे. पायजमा, बाह्यांचा बनियन, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. बसलेले असायचे, पण खुर्चीला टेकलेले नसायचे. मध्ये बोटभर फट असायची. पहिल्या दिवशी आई रडली. दुसऱ्या दिवशी तिने तिसरा कप काढला.

चहा मात्र त्यांना घेता येईना. खारीकडे हात नेला की तो खारीतून, बशीतून, टेबलातून आरपार जायचा. मग ते चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलेल्या माणसासारखे इकडेतिकडे बघायचे. आम्हीही त्यांना दिसत नव्हतो. आई अगदी समोर बसून "अहो" म्हणायची. बाबा तिच्यातून पलीकडे, भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोकडे बघायचे आणि फोटोतल्या आईला म्हणायचे, "कुंदा, भूक लागलीय गो."

आमच्या सावंतवाडीत बहुतेक घरांच्या शोकेसमध्ये लाकडाची रंगवलेली फळं असतात. आमच्याकडेही होती. एका दुपारी बाबा उठले, शोकेसच्या काचेतून हात आत घातला आणि सीताफळ उचललं. ते त्यांच्या हातात आलं. त्यांनी ते फोडलं. आत पांढरा गर होता. गर खाऊन बिया तळहातावर काढून ठेवत ते म्हणाले, "जरा तुरट आहे." ते गेल्यावर खुर्चीखाली थोडा भुसा पडला होता. आईने तो केरसुणीने भरला, पण टाकला नाही, एका डबीत ठेवला.

मग आंबा संपला, केळी संपली, काजूची बोंडं संपली. आईने लाकडी खेळण्यांच्या चितारआळीतून आणखी लाकडी फळांची परडी आणली. तीही संपत आली तेव्हा बाबा फोटोला म्हणाले, "रोज फळंच का? मी काय आजारी आहे?"

मी घरी केसांच्या क्लिपा बनवते. त्यांवर केकवर असतात तशी क्रीमची फुलं असतात, वर एखादी इवलीशी स्ट्रॉबेरी. मोबाईलची कव्हरं आणि हातातले आरसेही करते. तलावाजवळचं भेटवस्तूंचं दुकान ती घेतं. या कामासाठी परदेशातून येणारी खास मऊ माती मला परवडत नाही, म्हणून मी न्हाणीघराच्या लाद्यांच्या फटी भरायचं पांढरं सीलंट वापरते. हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. दुधाची पिशवी धुऊन, वाळवून, तिचा कोपरा कापायचा, त्यात चांदणीच्या तोंडाचं नोझल बसवायचं आणि सीलंट भरायचं. दाबायचं, थांबायचं, मग सरळ वर उचलायचं. टोक आपोआप येतं. आमच्याकडची हवा दमट, त्यामुळे ते लवकर धरतं. धरेपर्यंत घरभर व्हिनेगरचा वास येतो.

त्या दिवशी अशी एक क्लिप मीच केसांत लावली होती. बाबांना मी दिसत नव्हते, पण क्लिप दिसली. ते माझ्याजवळ आले, क्लिप ओढून काढली आणि तोंडात टाकली. माझे दोन केस तुटले. ते गेल्यापासून त्यांचा मला झालेला स्पर्श तेवढाच. मी जागची हलले नाही.

"क्रीम," बाबा डोळे मिटून म्हणाले. "कुंदा, क्रीम आहे गो हे."

आई उठून स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले. ती ओट्याला धरून उभी होती.

"शेवटच्या वाढदिवसाला मी त्यांच्या तुकड्यावरचं क्रीम सुरीने खरवडून काढलं होतं," ती म्हणाली. "साखर वाढली होती म्हणून. त्यांनी नुसता पाव खाल्ल्यासारखा तो केक खाल्ला."

"डॉक्टरांनीच सांगितलं होतं, आई."

"सांगितलं होतं गो. पण मी सगळं खरवडलं. थोडं ठेवता आलं असतं." तिने डोळे पुसले. "तू करून दे त्यांना. भरपूर कर."

मी भरपूर केलं. जुन्या गादीतला स्पंज कापून केकचे तुकडे केले, त्यांना कडेने खडूची तपकिरी पूड चोळली म्हणजे ते भाजल्यासारखे दिसतात. वर क्रीमचे पदर काढले. फुटलेल्या माळेचे मणी पेरले. बाबा रोज एक तुकडा खायचे आणि रोज थोडे जास्त दिसायचे. आधी त्यांच्या कडा पुसट होत्या, त्या भरून आल्या. गालावरचा तीळ परत आला. मी पुठ्ठ्याची खुर्ची करून तिला सागवानी रंग दिला. बाबा तिच्यावर टेकले आणि त्यांनी इतका मोठा सुस्कारा सोडला, की एवढे दिवस ते अवघडून बसत होते हे आम्हाला तेव्हा कळलं.

आई खूश होती. पण मग ती फोटोकडे बघू लागली. बाबा जे बोलायचे ते फोटोशीच. कोण वारलं, कुणाचं लग्न ठरलं, पूर्वी वेंगुर्ल्याच्या बंदरावर खाल्लेली कुल्फी कशी होती. फोटोतली आई पंचविशीची होती आणि तिला उत्तर द्यावं लागत नव्हतं.

"मी इथे आहे," आई म्हणायची. "अहो, तो कागद आहे."

"आपली बाय कुठे असते हल्ली?" बाबा फोटोला विचारायचे. बाय म्हणजे मी. मी त्यांच्या पायाशी बसून उद्याच्या क्लिपा कागदावर लावत असायचे.

एका दुपारी ताटली सरकवताना आईच्या मनगटाला ओलं क्रीम लागलं. ते पुसायचं राहून गेलं आणि वाळलं. बाबा एकदम बोलायचे थांबले. खाली वाकून त्यांनी मनगटाकडे पाहिलं आणि ते हातात धरलं.

"नव्या बांगड्या का गो?"

बाबा जाईपर्यंत आईने हात तसाच पुढे धरून ठेवला. संध्याकाळी ती माझ्या कामाच्या पाटासमोर येऊन बसली आणि तिने दोन्ही हात माझ्यापुढे धरले.

"लाव."

"हे निघत नाही, आई. कातडीला धरतं."

"मला ठाऊक आहे. लाव."

मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी मी तयार माल घेऊन दुकानात गेले होते, तेवढ्यात तिने स्वतःच पिशवी घेतली. परत आले तेव्हा तिच्या डाव्या हातावर वेड्यावाकड्या रेघोट्या होत्या, कुठे जाड, कुठे बुडबुडे आलेल्या. बाबांनी तो हात बघून विचारलं, "भाजलं का?" आई ओशाळली. ते मला बघवलं नाही. मी चाकूने त्याचे उंचवटे हलकेच तासले आणि वर नवं क्रीम काढून नीट करून दिलं. बोटांवर बारीक शंख, मनगटाला दुहेरी झालर, तळहातावर एक गुलाब. हात सुंदर झाला. मात्र त्या हाताने आईला खरा कप उचलता येईना. तो कपातून आरपार जाऊ लागला.

त्यानंतर तिला मी भरवू लागले. तिने पायही क्रीमने करून घेतले तेव्हा ती अंगणात जायची थांबली, कारण अंगण तिच्या पायांना लागत नव्हतं. मी घरात तिच्यापुरती रंगवलेल्या पुठ्ठ्याची वाट केली, तिच्या पलंगापासून बाबांच्या खुर्चीपर्यंत. ती तिच्यावरूनच चालायची. गळा केला तेव्हा बाबांना फोटोपेक्षा ती जास्त दिसू लागली. त्यांनी फोटोकडे पाठ केली. आई कितीतरी दिवसांनी हसली.

शेजारच्या तेंडोलकर काकू कोकमाची बाटली द्यायला आल्या. आई त्यांच्यासमोरच बसली होती. काकूंनी घरभर पाहिलं आणि विचारलं, "आई कुठे गेली?"

"इथेच आहे," मी म्हटलं.

"झोपली असेल. असू दे, उठवू नको." त्यांनी बाटली नकळत आईच्या मांडीवर ठेवली. ती मांडीतून खाली पडून फुटली. लाल पाणी पुठ्ठ्याच्या वाटेवर पसरलं. काकू म्हणाल्या, "अगो, माझा हातच कसा सुटला!" आणि त्या फडकं शोधायला आत गेल्या. आई माझ्याकडे बघत होती. तिचा चेहरा तेवढा उरला होता.

ओठही केल्यावर तिचं जेवण बंद झालं. आता तीही स्पंजचा केक खाऊ लागली. माझा खर्च वाढला, म्हणून मी क्रीम आतून पोकळ काढायला शिकले. आत कापूस, वर पातळ थर. दोघांनाही फरक कळला नाही. बाबा बोलायचे आणि ती उत्तर द्यायची. मला कळायला लागल्यापासून मी त्यांना एवढं बोलताना ऐकलं नव्हतं.

"बाय कुठे असते?" बाबांनी विचारलं.

"इथेच आहे. कामात आहे."

"दिसत नाही ती."

"येईल हो," आई म्हणाली आणि माझ्याकडे न बघता तिने पदर सारखा केला.

मी तिला सांगितलं की कान आणि डोळे आपण राहू देऊ. ती काही दिवस कबूल झाली. मग एक कान करू दिला, डावा, बाबा बसायचे त्या बाजूचा. उजव्या कानाने ती माझं ऐकायची. मी उजवीकडे बसून तिला दिवसभराचं सांगायची सवय लावून घेतली. दुकानदाराला आता निळ्या रंगाच्या क्लिपा हव्यात. शाळेतल्या मुलींना स्ट्रॉबेरीपेक्षा चेरी आवडते. ती मान हलवायची. पण एके दिवशी तिने डोळे घट्ट मिटून घेतले.

"तुम्ही दोघं दोन बाजूंनी बोलता," ती म्हणाली. "मला कुणाचंच नीट कळत नाही गो. पुरं करून टाक."

"मग तुला मी ऐकू येणार नाही."

"तू काय सांगतेस ते मला ठाऊक असतं."

"आणि डोळे?"

"ते आधी कर," आई म्हणाली. "नाहीतर मी तुझ्याकडे बघत राहीन."

मी नवं सीलंट आणलं. पिशवी धुतली, उन्हात वाळवली. नोझल सर्वांत बारीक निवडलं. ती पलंगावर पाठ टेकून बसली. मी तिच्या डोळ्यांभोवतालच्या सुरकुत्या बोटाने पुसल्या. तिथे घाम असला तर ते धरत नाही. तिने पापण्या मिटायच्या आधी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी आजारी असताना ती माझं कपाळ तपासायची तेव्हा बघायची तसं. मग पापण्या मिटल्या. दाबायचं, थांबायचं, सरळ वर उचलायचं. दोन्ही पापण्यांवर मी पाकळ्या काढल्या. शेवटी कान केला. करताना मी त्यात काहीतरी बोलले. काय ते सांगत नाही.

वाळेपर्यंत मी पंखा लावून तिच्याजवळ बसून राहिले. व्हिनेगरचा वास हळूहळू कमी झाला. वास पूर्ण गेला तेव्हा तिने पाकळ्या उघडल्या, पुठ्ठ्याच्या वाटेवरून चालत बाहेरच्या खोलीत गेली आणि बाबांसमोर बसली. बाबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"आलीस?"

"इथेच तर होते."

"केस पांढरे झाले तुझे."

"तुमचे काय काळे आहेत?"

दोघंही हसली. मी केक आणून मध्ये ठेवला. तीन तुकडे कापलेले होते. सवयीने कापले होते मी. बाबांनी आपला तुकडा उचलला, सावकाश खाल्ला, बोटाला लागलेलं क्रीमही चाटलं. आई त्यांना खाताना बघत होती. तिने तिच्या तुकड्यावरचं फूल अलगद उचललं आणि त्यांच्या ताटलीत ठेवलं.

"हे कुणी केलंय?" बाबांनी विचारलं.

"आपल्या बायने."

"हात चांगला आहे तिचा." त्यांनी मान डोलावली. "आली की सांगू तिला. आणि हा तिसरा?"

"तिच्यासाठीच. येईल ती आता."

"आले," मी म्हटलं. "बाबा, मी आलेय."

दोघं माझी वाट बघत दाराकडे वळून बसली. आईने पदराने तिसऱ्या ताटलीवरची माशी हाकलली. मी आतून सीलंटची पिशवी घेऊन आले होते आणि दारातच उभी होते. माझ्या हातातल्या पिशवीच्या टोकाशी पांढरा थेंब जमत होता, जड होत होता, आणि मी दुसऱ्या हाताचा तळवा त्याच्याखाली धरला.