ताक्नाच्या वाळूत

सिरियाकोला पकडलं ते सणाच्या दिवशी. लोक देवळातून बाहेर पडत होते आणि दारातच सरकारी शिपाई दोरखंड घेऊन उभे. गावातली तरणीताठी माणसं त्यांनी एका दोराला बांधली आणि लामांचे कळप हाकावेत तशी डोंगराखाली हाकली. त्याच्या बायकोनं, मेल्चोरानं, घर सासूच्या हवाली केलं, अंगावरची पोर पाठीशी बांधली, मडकं उचललं आणि ती पलटणीमागं निघाली. बोलिव्हियाच्या पलटणीला आचारी कुठले? ज्याची बायको मागं आली तो जेवला, बाकीचे उपाशी.

ही लढाई कशापायी, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. दोस्त पेरूच्या मुलखातल्या ताक्नाच्या छावणीत चुलीपाशी बसून तिनं एकदा सिरियाकोला विचारलं.

"सोऱ्यापायी," तो म्हणाला. "वाळवंटात पांढरी माती निघते ना, ती. आपल्या सरकारनं तिच्यावर कर बसवला, चिलीवाल्यांच्या कंपनीनं दिला नाही. झालं! गोरे लोक ती जहाजं भरभरून नेतात नि शेतात टाकतात."

"शेतात? म्हणजे खतच की!"

"खत. आणि तिचीच बंदुकीची दारूही करतात."

"मग लामाच्या लेंड्या न्या म्हणावं! आपल्या अंगणात ढीग पडलाय. फुकट देते."

"हिला सेनापती करा रे कुणीतरी!" शेजारच्या चुलीवरून बेनितामावशी ओरडली. सगळे हसले. कोकाची पानं चघळून हिरवे झालेले दात दाखवत सिरियाकोही हसला.

लढाई जुंपली त्या सकाळी बायका टेकाडामागं थांबल्या होत्या. तोफांनी जमीन हादरत होती, मडक्यातलं पाणी थरथरत होतं. दुपारी आपलीच माणसं बंदुका टाकून पळत आली. मेल्चोरानं गावातल्या एकाचा हात धरला. "सिरियाको कुठाय?"

"उजवीकडं होता गं. आमची रांगच राहिली नाही." हात सोडवून तो पळाला.

पोर बेनितामावशीच्या ओटीत टाकून ती वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात पाणी घेऊन टेकाड चढली.

वर माणसं पडली होती, जवळजवळ, एकमेकांना चिकटून. त्यांतल्या एका चिलीच्या शिपायानं तिचा घागरा धरला. पोटाशी धरलेला त्याचा दुसरा हात लाल झाला होता.

"ताई, पाणी."

तिची डोंगरातली बोली वेगळी, पण बाजारात शिकलेली स्पॅनिश तिला पुरेशी कळत होती. "सोड मेल्या! माझ्या नवऱ्याचं पाणी आहे."

"एकच घोट. मी सोऱ्याच्या खाणीत पहार मारणारा माणूस. तुमच्यांनी आम्हाला हाकललं, आमच्यांनी हातात बंदूक दिली. मला तरी कुठं..."

भोपळ्यात पाणी थोडंच होतं. "परत येताना देते," ती म्हणाली आणि घागरा सोडवून पुढं गेली.

सिरियाको तिला कमरपट्ट्यावरून ओळखू आला. तिनंच विणलेला होता तो. तोंड उघडं होतं, त्यात वाळू. तिनं बोटानं वाळू काढली, डोकं मांडीवर घेतलं आणि पाणी ओतलं. ते गालावरून ओघळून जमिनीत गेलं. तो केव्हाचा गार पडलाय हे तिला कळत होतं, तरी तिनं पुन्हा ओतलं.

मग ती उठली आणि धावतच मागं आली. चिलीचा शिपाई तसाच कुशीवर होता. तिनं त्याला हलवलं. "ए, घे. आणलंय बघ." तो हलला नाही.

दोघांच्या मध्ये ती उभी राहिली. उरलेलं पाणी तिनं स्वतःच पिऊन टाकलं; पोरीला पाजायला दूध तर उतरायला हवं. पिताना तिला त्या पाण्याची चोरी केल्यासारखं वाटलं.

सिरियाकोला तिनं हातांनी वाळूत पुरलं. त्या दुसऱ्याला पुरायला अंगात जोर उरला नव्हता.

परतीच्या वाटेवर, बर्फाच्या घाटात, दूध आटलंच. पोर आधी रडायची, नंतर रडेनाशी झाली. दगडांच्या एका राशीखाली तिला ठेवताना बेनितामावशी एवढंच म्हणाली, "चल बाई, आणखी गारठशील."

सासू दारात उभी होती. तिनं सुनेची मोकळी पाठ पाहिली, मग मागचा रस्ता पाहिला. "बाकीचे मागनं येतायत का?"

"नाही, आत्याबाई."

थंडी कडाक्याची होती आणि वर्षभर टिकावेत म्हणून बटाटे गोठवायला बाहेर घालायचे राहिले होते. दोघींनी टोपल्या उचलल्या आणि बटाटे गवतावर पसरत गेल्या.