फाट्यापर्यंतची सोबत

प्राप्तीने नाही म्हटलं तेव्हा ती माझ्याकडे नाही, टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत होती.

"मला नको अलिबाग, मॅडम. दुसऱ्या कुणाला द्या."

"दुसरं कुणी नाहीये. निवड तुझी झालीय."

"मग ऱ्हाऊदे रिकामी."

एवढं बोलून ती उठली. दाराबाहेर कल्पिता दोघींच्या पिशव्या घेऊन उभी होती. दोघी एकाच वाडीतल्या. एकाच एसटीने येतात, एकाच डब्यातलं खातात, प्रयोगशाळेत एकाच स्टुलावर अर्ध्या-अर्ध्या बसतात. कल्पिताने नजरेनेच काहीतरी विचारलं, प्राप्तीने मान हलवली, आणि कल्पिता इतकी चिडली की तिने प्राप्तीची पिशवी तिच्या अंगावर जवळजवळ फेकलीच. मी ते पाहिलं. अर्थ मात्र लावला नाही.

म्हसळ्याच्या आमच्या कम्युनिटी कॉलेजात डोंगराकडच्या वाड्यांतली, बारावीनंतर घरी बसलेली मुलं-मुली येतात. प्रयोगशाळा साहाय्यकाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. मी तिथे समुपदेशक आहे, प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर समुपदेशनाची पदविका घेतली आणि अलिबागहून इथे राहायला आले. यंदा पहिल्यांदाच अलिबागच्या एका रुग्णालयाने आमच्या एका विद्यार्थ्याला वर्षाचे उरलेले महिने त्यांच्या प्रयोगशाळेत शिकवायचं कबूल केलं होतं, राहायच्या सोयीसकट. त्यासाठी मी दिवाळीपासून त्यांच्या मागे लागले होते. नाव शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. प्राप्तीने नाही म्हटलं तो मंगळवार होता.

अशा नकारांची कारणं साधारण ठरलेली असतात : लग्न, घरचं काम, बाप. मी बाप गृहीत धरला.

दुसऱ्या दिवशी संक्रांतीची सुट्टी होती. मी सकाळच्या एसटीने फाट्यावर उतरले आणि वाडीची चढण धरली. लाल मातीचा रस्ता, दोन्हीकडे रान, मध्येच कोणीतरी लावलेली काजूची झाडं. वाटेत माणूस भेटला नाही. बोलायची वाक्यं मनात जुळवत चालले होते, त्यामुळे ते मला जाणवलंही नाही.

प्राप्तीचे वडील बाळाजी मुंबईला कंपनीत होते, गुडघा दुखावल्यावर गावी परतलेले. त्यांनी मला ओटीवर खुर्ची दिली आणि माझी वाक्यं निम्म्यावर असतानाच म्हणाले, "आम्ही कवाच व्हय म्हटलंय, मॅडम. तिलाच इचारा. आठ दिस झाले, तोंडातनं शब्द काढत न्हाय."

प्राप्ती दाराच्या चौकटीला टेकून अंगठ्याच्या नखाने लाकूड खरवडत होती.

"काय ग?" मी विचारलं.

"काय न्हाय."

आत तिची आई भाकऱ्या थापत होती. तेवढ्यात अंगणात एक बाई आली. "पलीकडच्या वाडीत जायाचंय. सोबत ये जरा." प्राप्तीच्या आईने तव्यावरची भाकरी उतरवली, हात धुतले, पदर खोचला आणि निघाली. काठवटीतलं पीठ तसंच राहिलं.

"त्यांचं काम अर्धंच राहिलं की," मी म्हणाले.

"सोबत मागितली ना," बाळाजी म्हणाले. "त्याला आमच्यात न्हाय म्हणत न्हाईत."

शेजारची मैना तिळगूळ घेऊन आली. दिवेआगरकडची, दोन वर्षांपूर्वी या वाडीत लग्न होऊन आलेली, बारावी झालेली. मी कोण ते कळताच ती खालीच बसली.

"मॅडम, कल्पी सांगते ते खरं का फेकते? पांढऱ्या पेशी म्हणे रंग टाकून जांभळ्या दिसतात. मग त्यांना पांढऱ्या कशाला म्हणायचं?"

हा प्रश्न आमच्या वर्गात कोणी विचारला नव्हता. रक्त नळीत घालून गरगर फिरवलं की लाल थरावर त्यांचा पांढुरका थर बसतो, हे मी तिला सांगितलं. ती "दुधावर साय येते तसा?" म्हणाली, आणि मी "जवळजवळ तसाच" म्हणेपर्यंत शेजारच्या अंगणातून तिच्या सासूची, जनीची हाक आली. "मैने! तिळगूळ वाटायला गेलीस का पिकवायला?" मैना हसली आणि पळाली.

दुपारी मी निघाले. बाळाजींनी प्राप्तीला हाक मारली, मग पलीकडे बघून कल्पितालाही. "मॅडमना फाट्यावर सोडून या."

"दोघी कशाला? आणि सोडायला तरी कशाला, मी आले तशी जाईन."

"तुम्ही आलात एकट्या ते कळलं आम्हाला," बाळाजी म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, पण कौतुकही नव्हतं. "आता जाताना आमची जबाबदारी. आन् एकच आली, तर ती परत एकटी कशी येल?"

उतरणीच्या पहिल्या वळणापर्यंत हे वाक्य माझ्या डोक्यात नुसतं पडून होतं. दुसऱ्या वळणावर ते उलगडलं, आणि मी रस्त्यातच थांबले. फाट्यापर्यंत जायला दोघी लागतात. वाडीतून कॉलेजला येणाऱ्या दोघीच आहेत.

"कल्पिता," मी म्हणाले, "प्राप्ती अलिबागला गेली, तर तू सकाळी कुणाबरोबर येणार?"

"मी कशाला येऊ? मला कंटाळा आलाय त्या रक्ता-लघवीचा."

"खोटारडी!" प्राप्ती उसळली. "परवा परीक्षेत पयली आली आन् म्हणते कंटाळा आलाय."

"आली तर आली. तू जा ना बाय. माझ्यामुळे तू ऱ्हायलीस असं व्हायला नको मला."

"आन् माझ्यामुळे तू घरात बसलीस, असं मला चालंल व्हय?"

त्या भांडत होत्या आणि मी मधे उभी होते. आठ दिवस हेच चाललं असणार. मी मात्र दोघींना वेगवेगळं बोलावून, दार लावून, त्यांच्या स्वप्नांबद्दल विचारत होते.

"घरच्यांना विचारलंस का, एकटीला पाठवतील का?"

"त्यात इचारायचं काय?" कल्पिता म्हणाली. जणू मी उन्हात सावली पडते का, असं विचारलं होतं.

मी तरीही विचारत राहिले. एकटीने का जायचं नाही? प्राप्ती म्हणाली, रानडुकरं. कल्पिता म्हणाली, लाकडाचे टेम्पोवाले थांबतात. मग म्हणाली, टेम्पोवाले नसले तरी लोक बोलतात. कारण दर वेळी वेगळं, नियम तोच. प्रयोगात असं दिसलं तर आपण कारणांवर शंका घेतो. इथे शंका घेऊन ती चढण कमी होणार नव्हती.

एसटी आली. मागच्या काचेतून दिसलं, दोघी चढणीला लागल्या होत्या, न बोलता, पण एकाच चालीने.

त्या रात्री मी रुग्णालयाच्या बाईंना फोन करून विचारलं, दोघी चालतील का? जागा एकच, त्या म्हणाल्या. गुरुवारी आमच्या प्राचार्यांना, दिनानाथ सरांना गाठलं. सकाळी एखादी गाडी वाडीपर्यंत पाठवता येईल का?

"त्या रस्त्यावर कोण गाडी घालणार?" सर म्हणाले. "आणि मॅडम, दोघींपैकी एक पुढे जातेय. आपल्याकडे तेवढंही होत नाही. आनंद माना."

मी आनंद मानायचा प्रयत्न केला. प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिले. कल्पिता काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरवत होती. एकाच ओढीत, पातळ, कडेला जिभेसारखा निमुळता. मला तो थर एम.एस्सी.ला असतानाही कधी असा जमला नव्हता. मी तिथे उभी राहू शकले नाही. वाचनालयात गेले, तिथून परत आले, चहा घेतला आणि तो न पिताच ठेवला.

मग कल्पितासाठी दुसरी सोबत शोधायला लागले. वाडीतली शाळा चौथीपर्यंतच. खाली शिकायला येणारं दुसरं कोणी नाही. बायका बाजाराला उतरतात त्या आठवड्यातून एकदा. मुंबईत कामाला गेलेले पुरुष शिमग्याला येणार. एकेक नाव मी कल्पिताला विचारून खोडलं. शेवटी वैतागून ती म्हणाली, "राहिली मैनावैनी. तिला घाला कॉलेजात!" आणि स्वतःच हसली.

मी हसले नाही.

दुपारच्या एसटीने मी त्या दोघींबरोबर वाडीत गेले, रात्री प्राप्तीकडे राहायचं ठरवून. संध्याकाळी जनीच्या अंगणात वालाच्या शेंगांचा ढीग होता आणि सासू-सून दोघी सोलत होत्या. मी बसले, दोन शेंगा सोलल्या, आणि सांगून टाकलं. मैना बारावी आहे. हुशार आहे. आता प्रवेश बंद झालेत, पण मी सरांशी बोलून तिला वर्गात बसवते; जूनमध्ये रीतसर नाव घालू.

मैनाचे हात थांबले. जनीचे चालूच होते.

"बाई, तुमचं बरं हाय," जनी म्हणाली. "तुम्हाला पोरी कमी पडल्या म्हणून आता सुना न्यायच्या?"

"तसं नाही..."

"राबासाठी कवळ तोडायची हाय. शेत भाजायला डहाळ्या काय कॉलेजातनं येणार हायत? माझा पोरगा मुंबईला, मी म्हातारी. आन् शिकून हिला आता काय करायचंय?"

सोललेले दाणे मैना पुन्हा पुन्हा टोपलीत सारखे करत होती. मी तिला न विचारताच तिच्याबद्दल बोलले होते. कल्पितासाठी मी तिला मागायला आले होते, आणि नाव शिक्षणाचं घेत होते. दोन्ही खरं होतं, म्हणूनच जास्त अस्वस्थ वाटत होतं.

"मैना, तुला यायचंय का?" मी उशिराने विचारलं.

तिने सासूकडे पाहिलं. "माझ्या म्हणण्यावर काय हाय, मॅडम?"

मी उठले. बाळाजींच्या अंगणातून कल्पिता हे सगळं ऐकत होती. ती कुंपणाशी आली. पाठोपाठ प्राप्ती.

"जनीकाकी," कल्पिता म्हणाली, "मला फाट्यावर जायला सोबत पायजे."

"आता? तिन्हीसांजेला?"

"सोमवारपासनं. रोज. मैनावैनीची."

बाळाजी आपल्या ओटीवरून उठून उभे राहिले होते, पण मधे पडले नाहीत. जनीने हातातली शेंग ढिगावर टाकली.

"अशी मागतात व्हय ग सोबत? पावण्यांसमोर? लाज न्हाय वाटली?"

"वाटली," कल्पिता म्हणाली. "पन मागितली."

जनी माझ्याकडे वळली, सगळा दोष माझाच असल्यासारखी. "फाट्यावर सोडून ती परत एकटी कशी येल?"

"परत नको यायला," प्राप्ती घाईने म्हणाली. "कल्पीबरोबर जाईल म्हसळ्याला, कल्पीबरोबरच येल. दिसभर कॉलेजच्या पडवीत बसेल."

"आन् माझी कवळ?"

"रईवारी मी येते तोडायला," कल्पिता म्हणाली.

"आमच्या घरनं पन एक माणूस येल," बाळाजी म्हणाले.

जनीने पुन्हा शेंग उचलली. "शिकायला बिकायला न्हाय जायाची. सोबतीला जायाची. आन् बसल्या बसल्या वाल सोलून आणायचे, रोज टोपलीभर. रिकामी टोपली आनलीस मैने, तर तिथंच ऱ्हा."

"व्हय," मैना म्हणाली. तिने चेहरा खाली घातला होता, पण कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या.

शुक्रवारी सकाळी फाट्यावर मोबाइलला रेंज आली तिथेच उभं राहून मी प्राप्तीचं नाव कळवलं. प्राप्ती रडायला लागली. कल्पिता म्हणाली, "रड आता. आठ दिस माझं डोकं खाल्लंस."

रविवारी प्राप्ती अलिबागला गेली. सोमवारी मी गाडीच्या वेळेच्या आधीच एसटी स्टँडवर होते. जनीने रात्रीत विचार बदलला असेल. राबाचं निमित्त निघालं असेल. मैनाच्या नवऱ्याने मुंबईहून फोनवर नको म्हटलं असेल. त्याला तर आम्ही कोणी विचारलंच नव्हतं. गाडी आली. पुढच्या दाराने दोन म्हाताऱ्या उतरल्या, एक पोतं उतरलं. मग कल्पिता. तिच्यामागे कोणी नव्हतं.

"वैनी?" मी विचारलं.

"टोपली अडकलीय सीटखाली," कल्पिता म्हणाली.

मैना उतरली. नवी साडी, डोक्यावर शेंगांची टोपली. कॉलेजात पोचल्यावर तिने पडवीत भिंतीशी जागा धरली, पाय मुडपले आणि सोलायला लागली. मी वर्गात खुर्ची आहे म्हणून सांगितलं, तर म्हणाली, "मी सोबतीला आलेय, मॅडम." आत तास सुरू झाला. थोड्या वेळाने पाहिलं तर ती भिंतीवरून खिडकीशी सरकली होती. मग दाराशी. हात सोलत होते, पण नजर आता शेंगेकडे नव्हती. टरफलं टोपलीत पडत होती आणि दाणे जमिनीवर.

मधल्या सुट्टीत मी तिची टोपली उचलली. निम्मीही झाली नव्हती.

"द्या इकडे," ती दचकली. "संध्याकाळी सासू बघते."

"तू आत जा. पुढचा तास सूक्ष्मदर्शकाचा आहे."

"आन् हे?"

"हे मी बघते."

तिने माझ्या नखांकडे पाहिलं, मनातल्या मनात काहीतरी हिशेब केला. "दाणे चेपू नका. चेपलेला दाणा तिला लगेच कळतो." मग पदराला हात पुसत आत गेली.

हजेरीत तिचं नाव नाही. सरांनी अजून हो म्हटलेलं नाही. राबाची कामं लागली की जनी काय करील, मला माहीत नाही, कल्पितालाही नाही. मी पडवीत बसले आणि शेंगेच्या शिवणीवर अंगठा दाबला. पहिले दोन दाणे चेपले. दिनानाथ सर जाता जाता थांबले, माझ्याकडे आणि टोपलीकडे पाहिलं, काही विचारणार होते, मग तसेच गेले.

आतून मैनाचा आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल इतका मोठा. "कल्पे, सरक की जरा. तू रोज बघतेस."

परतीची गाडी चारची होती. मी पुढची शेंग घेतली.